अहेतुक उपकाराचे ऋण

उपकार हा शब्द उच्चारला की आपल्या मनापुढे दोन माणसे उभी राहतात. एक देणारा आणि दुसरा घेणारा. देणाऱ्याच्या मनात घेणाऱ्याचे हित असते, निदान असावे, अशी आपली समजूत असते. आणि घेणाऱ्याच्या मनात कृतज्ञता उपजावी अशी आपली अपेक्षा असते. या चित्रातून देणाऱ्याचा हेतू काढून टाकला तर मागे काय उरते? ज्याने आपले भले केले, परंतु आपले भले व्हावे हे ज्याच्या स्वप्नातही नव्हते, त्याचे आपण काही देणे लागतो काय? हा प्रश्न वाटतो तितका पोकळ नाही. आपल्या आयुष्यातील बहुतेक सुखसोयी अशाच हेतुशून्य वाटांनी आपल्यापर्यंत आलेल्या असतात. परंतु माणसांच्या व्यवहारात तो तपासू गेल्यास मोबदला, नाते, लौकिक, भीड यांची इतकी गुंतागुंत आढळते की धागा हाती लागत नाही. म्हणून आम्ही असे एक उदाहरण घेतो की ज्यात परहिताच्या हेतूचा लवलेश नाही आणि उपकार मात्र डोळ्यांनी पाहता येतो. ते उदाहरण आफ्रिकेच्या गवताळ रानांतील एका सुतार पक्ष्याचे आहे.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस जी विस्तीर्ण माळराने पसरली आहेत त्यांस सॅव्हाना म्हणतात. उंच गवत, मधून मधून बाभळीच्या कुळातील छत्रीसारखी पसरलेली झाडे, कोठे आपल्याकडे गोरखचिंच या नावाने ओळखला जाणारा तो स्थूल बुंध्याचा वृक्ष, वर्षातून काही महिने पाऊस आणि उरलेले महिने कडक कोरडे, असे तेथील रूप. इथिओपियापासून खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत अशा विरळ झाडीच्या प्रदेशांत ‘दाढीवाला सुतार’ या अर्थाच्या नावाने ओळखला जाणारा पक्षी राहतो. १७९३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. आकाराने तो आपल्या साळुंकीएवढा, म्हणजे सुमारे २४ सेंटिमीटर लांब. अंग काळपट हिरव्या-करड्या रंगाचे आणि त्यावर बारीक पांढऱ्या आडव्या रेघा, जणू जाडेभरडे पट्ट्यांचे घोंगडे पांघरले आहे. पांढऱ्या चेहऱ्यावर डोळ्यामागे एक काळा पट्टा आणि चोचीच्या मुळापासून खाली उतरलेला दुसरा. त्यामुळे त्यास दाढीमिशा असल्याचा भास होतो व नावही त्यावरूनच पडले. काळ्या कपाळावर पांढरे ठिपके असतात. नराच्या डोक्याचा मागचा भाग तांबडा असतो, मादीचा काळा. या तांबड्या ठिपक्यावाचून त्याच्या वेषात भपका असा काहीच नाही.

वेष साधा असला तरी हत्यारे पाहण्याजोगी आहेत. चोच छिन्नीसारखी सरळ व बळकट. पायांची दोन बोटे पुढे आणि दोन मागे, त्यामुळे उभ्या बुंध्यावर पकड घट्ट बसते. शेपटीची पिसे ताठ असून ती खोडास टेकवून तो तिसऱ्या पायासारखा त्यांचा आधार घेतो. सुतारकुळातील पक्ष्यांची जीभ लांब असते, आणि तिला आधार देणारी हाडे कवटीच्या मागून वळसा घेऊन वर आलेली असतात. त्यामुळे लाकडात खोल दडलेली अळीही तिच्या टप्प्यात येते. भुंगेऱ्यांच्या अळ्या, सुरवंट, कोळी, मुंग्या हे त्याचे अन्न; क्वचित पालीही तो खातो. वठलेल्या झाडांच्या जाड फांद्यांवर त्याचा दिवस जातो. आपल्या हद्दीची ग्वाही देण्यासाठी तो पोकळ लाकडावर चोचीने ताशा वाजवितो. आरंभी ठोके जलद पडतात, मग मंदावत जातात, आणि अखेरीस तीन-चार ठोके सुटे सुटे, मोजून दिल्यासारखे ऐकू येतात. शांत सकाळी हा आवाज रानात फार दूरवर पोहोचतो.

विणीचा काळ आला की नर व मादी दोघे मिळून वठलेल्या खोडात किंवा जाड मेलेल्या फांदीत ढोली कोरतात. कित्येक दिवस हे काम चालते. तोंड वाटोळे, आत खाली उतरणारी पोकळी, आणि तळाशी लाकडाच्या ढलप्या. गवत नाही, पिसे नाहीत. त्या ढलप्यांवर दोन-तीन पांढरी अंडी घातली जातात. उबविण्याचे व भरविण्याचे काम दोघेही करतात. पिले उडून गेली म्हणजे त्या घराचे मुख्य प्रयोजन संपते, आणि पुढच्या विणीस जोडी पुष्कळदा नवी ढोली कोरते.

जुन्या ढोलीचा खरा इतिहास येथून पुढे सुरू होतो. रानात ढोलीवाचून ज्यांचा संसार उभा राहत नाही, पण ढोली कोरण्याचे हत्यार ज्यांच्याजवळ नाही, असे प्राणी पुष्कळ आहेत. पिंगळ्याच्या जातीचे छोटे घुबड सुतारांच्या व तांबटांच्या सोडलेल्या ढोल्यांत अंडी घालते. रानातला खंड्या, मेयरच्या नावाने ओळखला जाणारा पोपट, मैनेच्या कुळातील निळसर झळाळीचे पक्षी, हे सारे त्याच वाटेने जातात. तांबड्या चोचीच्या धनेशाची मादी मिळेल त्या ढोलीत शिरून तिचे दार लिंपून घेते व एका फटीतून नराने आणलेले अन्न स्वीकारते. ती ढोली कधी झाडाची आपोआप झालेली असते, कधी कोणा सुताराने वा तांबटाने कोरलेली. एका पक्ष्याच्या काही दिवसांच्या मजुरीवर अशी कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे वाढतात. गावाबाहेर कोणी धर्मशाळा बांधावी आणि तिच्या दारावर त्याचे नावही नसावे, तसा हा प्रकार आहे.

परंतु धर्मशाळेची उपमा देताच आपण चुकीच्या वाटेला लागतो. धर्मशाळा बांधणाऱ्याच्या मनात वाटसरू असतो. सुताराच्या मनात पिंगळा नव्हता आणि पोपटही नव्हता. त्यास स्वतःची अंडी ठेवावयास जागा हवी होती. तेव्हा त्यास परोपकारी म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग नव्हे काय?

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. त्याच्यामागे मोठमोठे विचारवंत उभे आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने उपकार या एकाच विषयावर सात भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे असे की, उपकाराचा प्राण दिलेल्या वस्तूत नसून देणाऱ्याच्या इच्छेत असतो; नदी आपली जहाजे वाहून नेते म्हणून आपण नदीचे ऋणी होत नाही. कान्टने १७८५ साली हाच विचार अधिक कठोरपणे मांडला आणि सदिच्छेवाचून दुसऱ्या कशासही निरपवादपणे चांगले म्हणण्याचे नाकारले. या दोघांच्या न्यायासनापुढे आमच्या सुतारास उभे केले तर तो निर्दोष सुटेल, पण त्यास पारितोषिक मिळणार नाही. आणि ते योग्यच आहे असे आम्हांसही वाटते. पशुपक्ष्यांच्या ठिकाणी आपल्या मनातील सद्गुण पाहण्याची माणसास फार हौस. सुतार पक्षी दिवसभर डोके आपटतो तरी त्याचा मेंदू सुखरूप राहतो, तेव्हा त्याच्या कवटीत धक्का शोषून घेणारी काही मऊ योजना असली पाहिजे, असे कित्येक वर्षे मानले जात होते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले की त्याचे डोके हातोड्यासारखे ताठच असते आणि मेंदू लहान असल्यामुळेच तो बचावतो. जी उशी आपण त्याच्या कवटीत कल्पिली तीच आपण त्याच्या अंतःकरणातही कल्पू नये.

किंबहुना या ढोलीचा लाभ सज्जनांसच होतो असेही नाही. त्याच रानांत मध दाखविणारा एक पक्षी आहे. तो सुतारांचाच दूरचा भाऊबंद. पण स्वतः ना घरटे करतो, ना पिले वाढवितो. सुतार, तांबट, हुदहुद, वेडा राघू अशा ढोलीत वा बिळात राहणाऱ्या पक्ष्यांच्या घरी तो गुपचूप अंडे घालतो. त्याचे पिलू अंध अवस्थेतच जन्मते, आणि त्याच्या चोचीच्या टोकांस तीक्ष्ण आकडे असतात. यजमानाची पिले अंड्यातून बाहेर येताच ते त्यांस चावून ठार करते व मग त्यांच्या आईबापांकडून एकट्यानेच भरवून घेते. झांबियात वेड्या राघूंच्या बिळांत याचे चित्रण करण्यात आले आहे. अर्थात सुताराने कोरलेली ढोली काही वेळा त्याच्याच संततीचे वधस्थान ठरते. जे घर पोपटास आसरा देते तेच मारेकऱ्यासही देते. ढोलीस पात्रापात्रविवेक नाही. या उदाहरणातून कोणी गोड बोधकथा काढू म्हणेल तर ती येथेच अडते.

तथापि याच मारेकऱ्यापाशी माणसाचा एक जुना करार आहे, आणि आमच्या प्रश्नाची किल्ली आम्हांस तेथे सापडते. हा पक्षी मोठ्याने कलकलाट करीत माणसास बोलावतो, झाडाझाडावरून पुढे जातो आणि मधमाश्यांच्या पोळ्यापाशी नेऊन सोडतो. माणूस धूर करून, झाड फोडून मध घेतो. पक्ष्यास मेण हवे असते, ते त्यास मिळते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सोफाळा येथे असलेल्या जुआंव दुश सांतुश या पोर्तुगीज पाद्र्याने, देवळातल्या मेणबत्त्या टोचावयास येणाऱ्या या पक्ष्याचे वर्णन लिहून ठेविले आहे. मोझांबिकच्या नियासा भागातील याओ लोक या पक्ष्यास बोलाविण्यासाठी एक ठरावीक थरथरता आवाज काढतात. क्लेअर स्पॉटिसवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, तो आवाज केल्याने पक्षी वाट दाखविण्यास येण्याची शक्यता सुमारे ३३ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांपर्यंत वाढते. मध काढून झाल्यावर हे याओ लोक मेणाचा तुकडा पानांवर ठेवून पक्ष्याचा वाटा त्यास देतात. उलट टांझानियातील हाद्झा लोक पुष्कळदा उरलेले पोळे जाळतात वा पुरतात. पक्षी भुकेला राहिला तर तो पुन्हा लवकर वाट दाखवील, असा त्यांचा हिशेब. एकाने वाटा दिला, दुसऱ्याने राखून ठेविला; पण आपल्यापुढे कोणी भागीदार आहे, ही जाणीव दोघांसही आहे.

आता पहा. मध दाखविणारा पक्षी माणसास हाक मारतो म्हणून त्याच्यासाठी मेण ठेवावे की न ठेवावे, हा प्रश्न तरी उठतो. ज्या ढोल्यांत अशा पक्ष्यांच्या पिढ्या वाढल्या त्या ढोल्या कोरणारा सुतार माणसास हाक मारीत नाही. म्हणून त्याच्या वाट्याचा प्रश्नच कोणाच्या मनात येत नाही. आम्हांस वाटते की कृतज्ञतेच्या बाबतीत मनुष्यजातीची ही सार्वत्रिक खोड आहे. जो आपल्या दारी येऊन देतो त्याचे आपण देणे लागतो. ज्याचे काम निःशब्दपणे, चार हात बदलून, आपल्यापर्यंत येते त्यास आपण जमेस धरीत नाही, आणि विचारल्यास त्याचा हेतू नव्हता असे सांगून मोकळे होतो.

सेनेकाची चूक आमच्या मते एवढीच की, त्याने दोन निराळ्या गोष्टी एका तराजूत घातल्या. स्तुती ही एक आणि ऋण ही दुसरी. स्तुती देणाऱ्याची असते, म्हणून तिचे माप त्याच्या हेतूने घ्यावे हे रास्त. ऋण घेणाऱ्याचे असते. त्याचे माप घेणाऱ्यास काय मिळाले यावरून घेतले पाहिजे. आपल्या पूर्वजांनी हा भेद जाणला होता असे दिसते. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की, जो कोणी जन्मास येतो तो देव, ऋषी, पितर आणि मनुष्य यांचे ऋण घेऊनच येतो. येथे देणाऱ्याच्या मनात काय होते याची चौकशी नाही. जन्मलेल्या अर्भकास अमुक एका ऋषीने काही हेतूने दिले असे कोणी म्हणत नाही; ते ज्याच्या आधाराने उभे राहणार ते आधीपासून दुसऱ्याचे आहे, एवढेच पुरे मानले आहे. पंचमहायज्ञांत भूतयज्ञास जागा मिळाली ती याच दृष्टीने. आणि पोळ्याच्या दिवशी शेतकरी बैलाच्या शिंगांस रंग देतो व त्यास पुरणपोळी खाऊ घालतो, तेव्हा बैलाने नांगर कोणत्या भावनेने ओढला हे तो विचारीत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सूर्याचे, पाषाणाचे, फार काय, चोराच्या हातून चुकून झालेल्या हिताचेही ऋण मानावे काय? चोराची गोष्ट निराळी आहे. त्याचे श्रम आपल्या विरुद्ध लागले होते. हित झाले ते त्या श्रमांचा पराभव होऊन. सुताराचे श्रम कोणाविरुद्ध नव्हते. ते त्याच्या स्वतःच्या प्रामाणिक संसाराचे श्रम होते, आणि त्यांचाच उरलेला भाग इतरांस मिळाला. सूर्याविषयी एवढेच म्हणता येईल की, त्याचे ऋण मानले तरी त्यातून कर्तव्य निष्पन्न होत नाही, कारण त्याचे बरेवाईट करणे आपल्या हाती नाही. ऋणाचे कर्तव्यात रूपांतर तेथे होते, जेथे देणारा आपल्या हातून दुखावला जाऊ शकतो. सुतार पक्षी दुखावला जाऊ शकतो, आणि तेही अगदी सहज.

या विवेचनाचा रोख केवळ पक्ष्यांकडे आहे असे वाचकांनी समजू नये. सुशिक्षित कुटुंबांत एक वाक्य वारंवार ऐकू येते: ‘तो पोटासाठी करतो.’ भाजीवाली पहाटे उठते ती पोटासाठी, गवंडी भिंत रचतो तो पोटासाठी, रात्री रेल्वेचा रूळ तपासीत चालणारा मनुष्य पोटासाठी चालतो. वाक्य खरे आहे; त्यांपैकी कोणाच्याही मनात आपण नसतो. पण या खऱ्या वाक्याचा उपयोग आपण हिशेबाची वही मिटविण्याकडे करतो. दाम दिला, हेतू नव्हता, संबंध संपला. दामाने श्रमाची किंमत फिटते हे घटकाभर मान्य करू. परंतु ज्याच्या श्रमांवर आपले घर उभे आहे तो माणूस आपल्या निष्काळजीपणाने चिरडला जात असता, त्याचा हेतू काय होता हे विचारीत बसणे यास न्याय म्हणता येणार नाही. हेतूचा प्रश्न तेथे विचार म्हणून येत नाही, सबब म्हणून येतो.

पुन्हा रानाकडे वळू. सुतारास वठलेले झाड हवे. हत्ती साली सोलतात, वणवे लागतात, वाळवी पोखरते, आणि असे झाड पुष्कळ काळ उभ्याने मरत राहते. आपल्या डोळ्यांस ते निरुपयोगी दिसते, पण सुतारास अन्न व घर दोन्ही त्यातच मिळते. सरपणासाठी असे कोरडे झाड सर्वांत आधी तुटते, आणि दार-एस-सलाम, लुसाका यांसारख्या शहरांच्या चुलींसाठी लागणारा लोणारी कोळसा आसमंतातील रानांतूनच येतो. त्यासाठी हिरवी झाडेही पडतात, म्हणजे उद्या वठावयाचीही झाडे उरत नाहीत. मोळी बांधणाऱ्या स्त्रीस किंवा भट्टी लावणाऱ्या गरिबास पक्ष्याच्या ऋणाची आठवण देणे हा निष्ठुरपणा होईल. त्यांच्यापुढे आज रात्रीच्या भाकरीचा प्रश्न आहे. ऋणाचा बोजा लाभाच्या प्रमाणात वाटला पाहिजे. ज्याच्या घरी दुसरे इंधन येऊ शकते, ज्याच्या हाती कायदा करणे, वीज पोहोचविणे, राखीव रान टिकविणे आहे, त्याच्यावर तो अधिक पडतो. आणि जगाच्या कोणत्याही भागातील आपल्यासारखा सुखवस्तू मनुष्य त्यातून सुटत नाही, कारण वठलेले झाड दिसताच ते तोडून जागा साफ करण्याची घाई आपल्याही अंगी पुरेपूर भिनलेली आहे.

ज्यास आपले आभार कळत नाहीत त्याचे ऋण फेडावयाचे कसे? त्यास हार घालता येत नाही, त्याच्यासाठी पानावर मेण ठेवण्यातही अर्थ नाही. ज्या गोष्टीवर त्याचा संसार उभा आहे ती आपण न तोडणे, एवढाच एक मार्ग उरतो. तो दिसावयास क्षुल्लक, आचरावयास अवघड. त्यात देणाऱ्यास काही दिल्याचे समाधान नाही, आणि घेणाऱ्याकडून पावती नाही. असे असूनही जो एक वठलेले झाड उभे राहू देतो, त्याने सुताराशी बरोबरी साधली असे म्हणता येईल. फरक इतकाच की सुताराने जे न जाणता दिले ते याने जाणून राखले. आणि हेतूस खरे महत्त्व येते ते आमच्या मते येथेच, घेणाऱ्याच्या बाजूस.